हिर्डोशीच्या घराला आधी छप्पर, मग गारवा

"घर बांधतानाच सेंट्रल एसी करून घ्या, नंतर भिंती फोडाव्या लागतील." भोरच्या पश्चिमेला, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकाठी शनिवार-रविवारचं घर बांधू पाहणाऱ्यांना हा सल्ला हल्ली आपुलकीने दिला जातो. वरंध घाटाच्या अलीकडचं हिर्डोशी आणि आसपासची हिरडस मावळातली गावं आता बंगल्यांच्या नकाशावर आली आहेत. सल्ल्यासोबत लाभांची यादीही ठरलेली असते. घरभर एकसारखा गारवा मिळतो, हवा गाळून येते, पावसाळ्यातला दमटपणा जातो, खोलीत आवाज होत नाही आणि घराची किंमत वाढते. सल्ला देणारे खोटारडे आहेत असं मी म्हणत नाही. यादीतलं बरंचसं कुठे ना कुठे खरं आहे. पण ते हिर्डोशीत खरं नाही, आणि घर तर हिर्डोशीत बांधायचं आहे. म्हणून हा सल्ला मुळातून तपासायला हवा.

आधी यंत्राला त्याचा मान देऊ. घरच्या सेंट्रल एसीचं काम उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकण्याचं आहे. बंद नळीतला वायू कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, तापतो, बाहेरच्या युनिटमधल्या जाळीदार कंडेन्सरवर आपली उष्णता मोकळ्या हवेत सोडून द्रव होतो. मग तो एका बारीक वाटेतून जातो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि आतल्या कॉइलमध्ये तो थंड होऊन पुन्हा वायू व्हायला लागतो. या बदलाला उष्णता लागते, ती तो घरातल्या हवेतून घेतो. खोल्यांमधली हवा ग्रिलमधून ओढली जाते, या थंड कॉइलवरून फिरते, साधारण १२ ते १४ अंशांना येते आणि फॉल्स सीलिंगच्या वरून नेलेल्या पत्र्याच्या किंवा लवचिक डक्टमधून प्रत्येक खोलीत सोडली जाते. एका भिंतीवरचा थर्मोस्टॅट हे सगळं चालू-बंद करतो. स्प्लिट एसीतही हेच घडतं. सेंट्रलमध्ये एकच मोठं यंत्र सगळ्या घराचं काम करतं आणि डक्ट ते वाटून देतात, एवढाच फरक.

थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते. याच गुणासाठी हे यंत्र जन्माला आलं. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आराखडा केला तो माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगे-आक्रसे आणि रंगांची छपाई जुळत नसे, ती अडचण त्याला सोडवायची होती. म्हणून सल्ला देणारे जेव्हा म्हणतात की एसी हवा कोरडी करतो, तेव्हा ते यंत्राच्या मूळ कामाबद्दलच बोलत असतात.

आणि नेमक्या याच मुद्द्यावर हिर्डोशीत सेंट्रल एसी हरतो.

इथलं वर्ष कसं जातं ते पाहा. मार्च ते मे दुपारी ऊन भाजून काढतं, पण रात्री डोंगरावरून वारा उतरतो आणि अंगावर चादर लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस, धुकं, कपडे न वाळणं. त्या चार महिन्यांत गरमी हा प्रश्नच नसतो. हवा बावीस अंशांच्या आसपास असते आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर. चपलांना बुरशी येते, गाद्यांना वास येतो, फरशीला घाम फुटतो. उरलेले महिने खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे.

आता जुलैतल्या घरात सेंट्रल एसी लावून बघू. थर्मोस्टॅट २४ वर आहे आणि खोली मुळात २२ ला आहे. कॉम्प्रेसर चालूच होणार नाही, कारण थर्मोस्टॅटला तापमान कळतं, ओलावा कळत नाही. कॉम्प्रेसर चालला नाही तर कॉइल थंड नाही, आणि कॉइल थंड नाही तर पाण्याचा एक थेंब गळणार नाही. ज्या महिन्यांसाठी दमटपणा घालवण्याचं वचन दिलं होतं, त्याच महिन्यांत यंत्र गप्प बसतं. मग १८ वर ठेवा, असं कोणी सुचवेल. ठेवलं तर घर कोरडं होण्याआधी गारठतं. शिवाय दार उघडलं की बाहेरची ओली हवा थंड भिंतीवर आणि थंड काचेवर येऊन पाणी सोडते. २२ अंशांची आणि ९५ टक्के आर्द्रतेची हवा एकवीसच्या आसपास थंड झाली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. म्हणजे एकवीसपेक्षा गार असलेली प्रत्येक वस्तू त्या हवेत भिजणार. रिमोटवरच्या ड्राय मोडने हे टळत नाही. त्यात पंखा हळू फिरतो आणि कॉम्प्रेसर कमी जोराने चालतो, त्यामुळे पाणी थोडं जास्त निघतं, पण खोली थंड होत जाते ती जातेच.

डक्टचं तर विचारूच नका. त्यातून १२ ते १४ अंशांची हवा वाहते आणि ते जातात कुठून? छप्पर आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधल्या बंद, दमट पोकळीतून. त्यांच्यावरच्या उष्णतारोधक आवरणाला एक सांधा उघडा राहिला, एका ठिकाणी चिकटपट्टी सुटली, की तिथे पाणी जमतं, आवरण भिजतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत छताला काळे डाग दिसतात. रानाला लागून असलेल्या घरात उंदीर येतात. लवचिक डक्टसारखी सुरक्षित बोगद्याची जागा त्यांना दुसरीकडे मिळत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा धोका कमी असेल. इथे तो गृहीत धरूनच चालावं लागतं.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. घराला किती टनांचं यंत्र लागेल हे मे महिन्याच्या दुपारवरून ठरवतात. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी क्षमता, साधारण साडेतीन किलोवॉट. मेसाठी आठ टन लागतील म्हणून आठ टन बसवले की जूनच्या पहिल्या ढगाळ आठवड्यातच ते यंत्र घराला फार मोठं होतं. ते पाच-दहा मिनिटांत हवा गार करतं आणि थांबतं. पाणी काढायला मात्र कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. त्यातून पंखा चालू राहिला तर कॉइलवर साठलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळून खोलीत परत येतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरने हे थोडं सुधारतं, पण त्यालाही एक खालची मर्यादा असते आणि बावीस अंशांच्या घरात ती मर्यादाही जास्तच ठरते.

दमट घरासाठी वेगळं यंत्र आहे. त्याला डिह्युमिडिफायर म्हणतात. त्याच्या आत एसीसारखंच चक्र असतं, फक्त गार कॉइल आणि गरम कॉइल एकाच पेटीत एकामागे एक असतात. हवा आधी गार होऊन पाणी सोडते आणि लगेच गरम होऊन खोलीत परत येते. म्हणजे खोली थोडी उबदार होते आणि कोरडी होते, पावसाळ्यात माणसाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी. एका खोलीचं असं यंत्र पंख्यापेक्षा जास्त पण एसीपेक्षा खूप कमी वीज खातं. त्याला डक्ट लागत नाही, थ्री-फेज जोड लागत नाही, आणि आर्द्रता साठ टक्क्यांवर आली की ते स्वतः थांबतं, कारण ते मोजतंच आर्द्रता. पाच दिवस बंद राहणाऱ्या घरात एका कपाटाच्या खोलीत ते चालू ठेवता येतं. हे एवढं सोपं उत्तर यादीत का नसतं, असा प्रश्न मला पडतो.

आता उन्हाळ्याकडे येऊ. तीन महिन्यांच्या दुपारी हिर्डोशीतही खरोखर उकडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती उष्णता येते कुठून? शंभर चौरस मीटर उघडा सिमेंटचा स्लॅब धरा. मेच्या दुपारी उन्हाचा मारा आणि बाहेरची हवा मिळून स्लॅबचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या घरात जातो. आत सव्वीस हवेत, म्हणजे फरक चौतीसचा. साध्या स्लॅबमधून चौरस मीटरला, दर अंशामागे, साधारण साडेतीन वॉट उष्णता आत येते. गुणाकार केला तर जवळपास बारा किलोवॉट होतात, म्हणजे सुमारे साडेतीन टन. एकट्या छतासाठी! आता त्याच स्लॅबवर फोमचा उष्णतारोधक थर द्या आणि वरून पांढरा लेप. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली, तिच्यात छतातून येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा त्याच मापाने १.२ वॉट धरली आहे. तेवढंच पाळलं आणि पांढऱ्या लेपाने पृष्ठभाग चव्वेचाळीसच्या आसपास राहिला, तर उष्णता दोन किलोवॉटच्या जरा वर येते. साडेतीन टनांचं काम अर्ध्या टनावर उतरलं. आणि हे काम वीज नसतानाही चालतं, आवाज करत नाही, त्यात गळायला गॅस नाही.

तापलेल्या छताचा दुसरा त्रास एसीने जातच नाही. स्लॅब दिवसभराची उष्णता साठवून रात्री खाली टाकतो. खोलीतली हवा २४ अंशांना आणली तरी डोक्यावरचं छत अडतीसला असेल तर अंग तापतच राहतं, म्हणून माणूस रिमोट आणखी खाली नेतो. वीजबिल वाढतं ते या छताशी लढण्यात. स्लॅबऐवजी उतरतं छप्पर, खाली हवा खेळती ठेवणारी पोकळी, लांब वळचण आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे पडवी, ही इथल्या जुन्या बांधणीची रीत पावसासाठीही लागते आणि उन्हासाठीही. नवे बंगले मात्र पश्चिमेला, पाण्याच्या दृश्यासाठी, जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात आणि मग त्या काचेतून येणारं ऊन उपसायला टन मोजतात.

इथे काही वाचक म्हणतील, अमेरिकेत तर घराघरांत सेंट्रल एसी आहे, आमची मुलं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये त्यातच राहतात. राहतात, आणि तिथे त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या सुमारे दोन-तृतीयांश घरांत सेंट्रल एसी आहे, पण त्यातल्या असंख्य घरांत डक्ट आधीच होते. हिवाळ्यात भट्टीतली गरम हवा खोल्यांत पोहोचवण्यासाठी ते घातलेले होते. त्याच भट्टीवर एक थंड कॉइल बसवली की उन्हाळ्याची सोय झाली. डक्टचा खर्च थंडीने आधीच वसूल केलेला होता. ह्यूस्टनमध्ये महिनोन्महिने रात्रीही उकाडा आणि दमटपणा असतो, तिथे घरभर एसी ही गरज आहे. हिर्डोशीत भट्टी नाही आणि मेच्या रात्रीही खिडकी उघडी ठेवून झोपता येतं. शिवाय तिथल्या सरकारी एनर्जी स्टार योजनेचंच म्हणणं आहे की साधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा गळतीत आणि सैल सांध्यांत वाया जाते. जिथे हे काम करणारे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथली ही गत आहे.

यंत्राने इमारत गार करण्याचा प्रकार आपल्याकडे फार आधुनिक आहे असंही नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा महाल बांधून घेतला, त्यात वातानुकूलन होतं. मुंबईचं रिगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडलं तेच वातानुकूलित. नव्वद वर्षांपूर्वी श्रीमंतांना यंत्राची भर घालणं हाच एक मार्ग दिसला, कारण छत आणि भिंतींचा हिशोब करायची आजच्याइतकी सोपी साधनं तेव्हा हाती नव्हती. आज आहेत.

हवा शुद्ध होते, हा मुद्दा लवकर संपतो. घरचा डक्टेबल एसी घरातलीच हवा फिरवतो. बाहेरची ताजी हवा आणायला वेगळी सोय करावी लागते, आणि ती बहुतेक घरांत केलेली नसते. त्याच्या जाळीने धूळ अडते, तीही मुख्यतः कॉइल स्वच्छ राहावी म्हणून. फोडणीचा धूर, रंगाचा वास, माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हे सगळं आतच फिरत राहतं. पुण्याच्या हमरस्त्यावर खिडकी बंद ठेवण्याला अर्थ आहे. हिर्डोशीला माणसं जातात तीच मोकळ्या हवेसाठी.

शांततेचा मुद्दा मला मान्य आहे. डक्टमधून येणाऱ्या हवेचा आवाज भिंतीवरच्या युनिटपेक्षा कमी असतो. फक्त तो आवाज बाहेरच्या मोठ्या युनिटकडे सरकतो, आणि रात्री तो तुमच्या शेजारच्या वाडीला ऐकू जातो.

एकसारखा गारवा हा लाभ म्हणून सांगितला जातो, मला तो दोष वाटतो. चार माणसं हॉलमध्ये बसली असताना तीन रिकाम्या खोल्याही गार होत राहतात. आपल्या लोकांना पंख्याखाली अठ्ठावीस-तीस अंशांतही बरं वाटतं, आणि राष्ट्रीय इमारत संहितेनेही २०१६ मध्ये भारतीयांच्या या सवयीवर आधारलेली मोजपट्टी स्वीकारली आहे. फिरत्या हवेने अंगाला दोन-तीन अंश कमी भासतात. त्यासाठी नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉट घेतो, आठ टनांचा सेंट्रल एसी भर दुपारी आठ-नऊ हजार वॉट.

यावर जाणकारांचं एक उत्तर असतं आणि ते विचार करण्यासारखं आहे. ते म्हणतात, डक्ट नकोत, व्हीआरएफ घ्या. त्यात बाहेर एकच युनिट आणि प्रत्येक खोलीत स्वतंत्र आतलं युनिट असतं, मध्ये हवेऐवजी वायूच्या तांब्याच्या नळ्या फिरतात. हवी ती खोली तेवढीच गार करता येते, डक्टमधली हवेची गळती नाही, कमी भारावर वीजही कमी लागते. हे सगळं खरं आहे. पण भार मुळात तीन महिन्यांच्या दुपारचाच असेल तर एवढी यंत्रणा कशासाठी? सगळ्या घराचा वायू एकाच जाळ्यात असतो. एका सांध्यातून तो गेला की सगळ्या खोल्या बंद, आणि हे काम जाणणारा माणूस पुण्याहून वरंध रस्त्याने येईपर्यंत बंदच राहतात. पावसात त्या रस्त्यावर दरड कोसळते हे घाटाजवळच्या माणसाला सांगायला नको. दोन खोल्यांत दोन साधे स्प्लिट असले तर एक बिघडला तरी दुसरा चालतो, आणि तो दुरुस्त करणारा भोरमध्येही मिळतो.

"छतावर सोलर बसवू, मग वीज फुकट," हेही ऐकू येतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि सोलर जरूर बसवावं. पॅनेलच्या सावलीनेच छत कितीतरी गार राहतं. पण तीन किलोवॉटचे पॅनेल मेच्या चांगल्या दिवसात बारा-तेरा युनिट देतात. मोठा सेंट्रल एसी ते दीड तासात संपवतो. आणि जुलैत, धुकं दरीत उतरलेलं असताना, पॅनेल फारसं काही देत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. आपले पूर्वज एसीशिवाय जगले, शेणाने सारवलेलं कौलारू घर गारच असायचं, एसी म्हणजे चैन, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी जुन्या घरातली चूल आठवावी. पावसाळ्यात घर कोरडं राहायचं ते दिवसभर पेटलेल्या चुलीने. तिच्या उबेने माळ्यावरचं धान्य आणि छपराची लाकडं टिकायची, आणि त्याच धुराने घरातल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसं जायची. तो कोरडेपणा बायकांनी किंमत देऊन विकत घेतलेला होता. तसं घर परत आणा, असं सांगायचा हक्क कोणाला नाही. आणि उष्णता जीव घेते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्रभूषण सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या माणसांचे प्राण गेले. चंद्रपूर-नागपूरच्या मेमध्ये, म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीत, आजारी माणसाच्या उशाशी एसी हवाच. हिर्डोशीच्या घरातही एका खोलीत दीड टनांचा पाच तारांकित इन्व्हर्टर असावा, असं माझं मत आहे. आजीआजोबा त्या दुपारी तिथे झोपतील, अंगात ताप असलेलं मूल तिथे ठेवता येईल. गॅस पाहून घ्यावा. आर-४१०ए हवेत गेला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा दोन हजारपट उष्णता धरतो, आर-३२ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आर-२९० नगण्य. सेंट्रल यंत्रात हा वायू कित्येक किलो असतो.

या सगळ्या चर्चेत गावातली घरं कुठे आहेत, हेही विचारायला हवं. बंगल्याच्या एसीवर जेवढे पैसे जातात, त्याच्या लहानशा भागात वाडीतल्या पत्र्याच्या कितीतरी घरांवर पांढरा लेप आणि खाली छत घालून होईल. पत्र्याखालच्या घरात आणि पत्र्याखालच्या शाळेत मेच्या दुपारी बसवत नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता आराखडा केला आणि पुढे छतं पांढरी करण्याचं काम गरीब वस्त्यांपासून हाती घेतलं. भोर तालुक्याला तेवढं मोठं शहरी बळ नाही, पण ग्रामपंचायतीला एक शाळा आणि एक अंगणवाडी रंगवणं झेपतं. शिवाय एका बंगल्याचा थ्री-फेज भार ज्या ट्रान्सफॉर्मरवर येतो, त्यावरच वाडीतले पंखे आणि पिठाची गिरणी असते. तो उन्हाळ्यात उडाला तर अंधारात बसतं कोण?

म्हणून हिर्डोशीत घर बांधणाऱ्याने ठेकेदाराला टन विचारायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. छतातून किती वॉट उष्णता आत येईल, पश्चिमेच्या काचेवर सावली कशी पडेल, आणि जुलैमध्ये घर बंद असताना आतली आर्द्रता किती राहील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली की आठ टनांची मागणी बहुतेक दीड-दोन टनांवर येते. तिसऱ्या प्रश्नाला सेंट्रल एसीकडे उत्तर नाही, आणि ते नाही असं त्याने कागदावर लिहून द्यावं.